मीमला शेपटी नव्हती

माझ्या खोलीबाहेर पत्र्याची पाटी होती. 'अरबी व उर्दू कागदांचे भाषांतर करून मिळेल', आणि खाली माझं नाव. तरी आत येणारा माणूस कुंकू लावलेली, चष्मा घातलेली बाई पाहून हमखास माझ्या मागं डोकावायचा. मागं पडदा होता आणि पडद्यामागं स्टोव्ह. एकानं तर विचारलंच, "मौलवीसाब जेवायला गेलेत का?" मी म्हटलं, "बसा. मीच मौलवीसाब." तो बसला, पण कागद हातातून सोडायला त्याला बराच वेळ लागला.

ही खोली छावणीत होती. गावाला तेव्हा औरंगाबाद म्हणत, आता छत्रपती संभाजीनगर म्हणतात. मराठवाड्यातली माणसं आखातात कामाला जायला लागली, त्या काळातली ही गोष्ट. कुणी ड्रायव्हर, कुणी गवंडी, कुणी आचारी. जाताना अरबीत करारनामा यायचा, येताना अरबीत दाखले यायचे, आणि मधल्या काळात काही बरंवाईट झालं तर तेही अरबीतच यायचं. ते कागद घेऊन लोक माझ्याकडं येत.

मला अरबी आली ती वडिलांच्या एका स्वभावामुळं. वडील निजामाच्या तहसिलीत अहलकार होते, म्हणजे कारकून. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, तेव्हा ते चाळिशीच्या पुढं होते. त्यांनी मुकाट्यानं नव्यानं मराठी मोडी-बाळबोध घोटली आणि नोकरी टिकवली. शेजारचे उस्ताद मात्र शाळेत अरबी शिकवायचे. त्यांचे विद्यार्थी कमी होत गेले आणि एक दिवस वर्गच राहिला नाही. दुपारी ते ओसरीवर खुर्ची टाकून बसत आणि रस्त्याकडं बघत. वडिलांना ते बघवेना. एके दिवशी त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि म्हणाले, "उस्ताद, ही पोर रिकामी असते. हिला काहीतरी शिकवा." मी मुळीच रिकामी नव्हते, भांडी माझ्याकडं होती. उस्तादांना सगळं समजलं असणार. त्यांनी पाटी मागवली.

आता थोडं व्याकरण सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मराठीत आपण म्हणतो, 'मांजरानं उंदराला धरलं.' उलटं केलं, 'उंदराला मांजरानं धरलं', तरी उंदीर काही मांजराला धरत नाही. 'नं' आणि 'ला' ही चिकटलेली अक्षरं सांभाळून घेतात. अरबीतही तसंच असतं. तिथं वाक्य बहुतेक वेळा क्रियापदानं सुरू होतं, 'धरलं मांजरानं उंदराला' असं, पण शब्द मागंपुढं करायची मुभा असते. 'नं' आणि 'ला'चं काम शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असतं. करणाऱ्याला उकार, ज्याच्यावर झालं त्याला अकार. उस्ताद त्यांना पेश आणि जबर म्हणायचे. गोम अशी की रोजच्या लिहिण्यात ही चिन्हं कुणी घालत नाही. वाचणाऱ्यानं ती मनानं लावायची.

"और नाम के आखिर में 'आ' रह्या तो?" उस्ताद विचारत. मूसा, ईसा असली नावं. त्यांच्या शेवटी ना पेश दिसतो ना जबर. मग 'मारलं मूसा ईसा' यात कुणी कुणाला मारलं?

"मग आधी ज्याचं नाव, त्यानं मारलं," मी पाठ म्हणून दाखवायचे.

"हौ. मगर बेटी, पहले पूरा जुमला देख. आसपास देख. उसके बाद फैसला कर."

जुमला म्हणजे वाक्य. हे 'आसपास देख' मी वहीत लिहून घेतलं होतं. पण ते अंगी लागायला फार वर्षं गेली.

शब्दांच्या या जागा बदलण्यानं माझी काही कामं फार सुंदर झाली, तेही सांगते. देवगाव रंगारीचा एक माणूस सुट्टीवर आला होता. बहिणीचं लग्न लांबलं म्हणून त्याला मालकाकडं सुट्टी वाढवून मागायची होती. तिकडं तो उंट सांभाळायचा. मी लिहायला बसले, 'महोदय, माझ्या बहिणीचे लग्न' वगैरे. तो म्हणाला, "नाय बाई. आधी उंटीण. निघताना तिचा पाय सुजलेला व्हता. ती कशी हाय, हे आधी विचारा. लग्नाचं मागनं." अरबीत हे छान जमतं. ज्याची काळजी आहे ते नाम उचलून वाक्याच्या तोंडाशी ठेवायचं आणि मागं क्रियापदाला एक छोटं सर्वनाम जोडून द्यायचं. मी 'उंटीण' हा शब्द सगळ्यात आधी घातला. महिन्याभरानं उत्तर आलं. सुट्टी मंजूर झाली होती, आणि पहिलीच ओळ उंटिणीच्या पायाची होती. तो माणूस माझ्याकडून ते पत्र तीनदा वाचून घेऊन गेला.

ज्या युक्तीनं मला तेव्हा शाबासकी मिळाली, त्याच युक्तीवर मी पुढं सपशेल आपटले.

शहरातला एक एजंट माणसं बाहेर पाठवायचा. त्याच्याकडून एक दिवस फोटोस्टॅट कागद आला. टाइप केलेल्या तीनच ओळी, छाप फिकट, मधून घडी गेलेली. एजंटचा माणूस दारात उभाच होता, "बाई, तेवढं लगेच." कागदात दोन नावं होती, बाला आणि मूसा. मधलं क्रियापद 'सदम', म्हणजे धडक देणं. आपला 'सदमा' त्याच घरातला. पुढं पाण्याच्या टँकरचा उल्लेख. खाली लिहिलं होतं की जखमी इस्पितळात आहे, दुसरा कोठडीत आहे, आणि जखमी माणसानं माफी लिहून दिली तर दुसऱ्याला सोडतील. दोन्ही नावांच्या शेवटी 'आ'. 'बाला' आधी. अरबीत 'ळ' नाही, म्हणजे तो बाळा. मी लिहिलं, 'बाळा याने मूसा यास पाण्याच्या टँकरने धडक दिली.' सही केली, शिक्का मारला आणि दुसरं काम हातात घेतलं.

आठ दिवसांनी एक बाई आल्या. तिशीच्या असतील. बिडकीनहून पहिल्या एस.टी.नं आल्या होत्या. नाव गंगूबाई. त्यांनी पिशवीतून माझंच भाषांतर काढून टेबलावर ठेवलं.

"हे तुमी लिवलं का?"

"हो."

"चुकलंय."

मी जरा ताठ झाले. म्हटलं, "कागदात जे आहे तेच मी लिहिलंय."

"बाई, बाळा माझा मालक हाय. तो तिथं मेंढरं राखतो. आमचं घराणंच मेंढरामागं फिरणारं. त्याला सायकलबी येत नाय. टँकर कवा चालवला त्यानं?"

"तिकडं शिकले असतील."

"त्यो? गाडी बगितली की त्यो मेंढरं घिऊन रस्ता सोडतो." त्यांनी भाषांतरावर बोट ठेवलं. "माझा दीर म्हंतो, त्यानं माणूस चिरडला, आता दहा वर्सं सुटत नाय, तू माहेरी जा. सासूनं आठ दिवस माझ्याशी शब्द काढला नाय. मी म्हनलं, कागद वाचनारीला तोंडावर इचारते."

मी पुन्हा म्हणाले की कागद तसंच सांगतो. आज ते वाक्य आठवलं तरी कान तापतात. गंगूबाई वाद घालत बसल्या नाहीत. "मग मी भाईर बसते," म्हणाल्या आणि पायरीवर जाऊन बसल्या. मी दोन करारनामे उरकले. त्या तिथंच. मी डबा उघडला. त्या तिथंच. डबा तसाच झाकला. शेवटी फोटोस्टॅट घेतला आणि त्यांना "आलेच" म्हणून उस्तादांकडं निघाले.

उस्ताद तेव्हा फार थकले होते. दृष्टी जवळजवळ गेली होती, खाटेवर पडून असायचे. बाहेर पायरीवर बसलेल्या गंगूबाईंचं सांगितलं आणि वाक्य वाचून दाखवलं. त्यांनी मला थांबवलं.

"सदम के बाद क्या है?"

"मूसा."

"बीच में?"

"काही नाही. घडी आहे. पांढरं झालंय."

ते म्हणाले, "बेटी, सदम की मीम देख. उसकू दुम है क्या?"

अरबीत 'म' शब्दाच्या शेवटी आला की त्याची शेपटी खाली लोंबते. पुढं आणखी अक्षर जोडलेलं असलं तर शेपटी नसते, नुसता ओळीवर एक गोळा असतो. मी कागद खिडकीशी धरला. मीमला शेपटी नव्हती. म्हणजे पुढं एक अक्षर होतं आणि ते घडीत गेलं होतं. 'सदम' नव्हतं ते, 'सदमहू' होतं. तो 'हू' म्हणजे 'त्याला'. बाळा, त्याला धडक दिली मूसानं. बाळाचं नाव आधी आलं होतं ते कागद त्याच्याविषयी होता म्हणून. उंटिणीसारखंच.

मी उस्तादांच्या खाटेच्या कडेवर बसले. ते म्हणाले, "रोती कायकू? जा, वो बाई बैठी है ना बाहर."

आधी एजंटकडं गेले. मूळ कागद दाखवायला तो खळखळ करत होता. मी म्हटलं, "माझी चूक झाली असं मीच लिहून देते, पण कागद काढा." मूळ कागदावर ते अक्षर हरभऱ्याच्या डाळीएवढं स्पष्ट होतं.

परत आले तेव्हा गंगूबाई पायरीवरच होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सांगितलं, "चूक माझी आहे. तुमच्या मालकानं काही केलेलं नाही. टँकर मूसा चालवत होता."

त्यांनी पदर तोंडाला लावला. डोळे हसत होते. "मी म्हनलं नव्हतं?" असं दोनदा म्हणाल्या. मग हसू एकदम थांबलं. माझं मनगट धरून विचारलं, "म्हंजे दवाखान्यात त्यो हाय?"

"हो."

"आन् आठ दिस मी..." आठ दिवस त्या नवऱ्याच्या बाजूनं भांडत होत्या, पण तो दुखत पडला असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. ते मी येऊ दिलं नव्हतं. त्या रडल्या तेव्हा मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडं नव्हतं.

मूसाचं घर छावणीच्याच मागच्या अंगाला होतं. त्याच एजंटनं दोघांना पाठवलं होतं. म्हणजे त्या घरीही माझंच भाषांतर पोचलं होतं. संध्याकाळी मी एकटी तिथं गेले. मूसाची आई हमीदाबी गोधड्या शिवायच्या. मुलगा इस्पितळात आहे म्हणून आठ दिवस त्यांनी एक वेळचं जेवण सोडलं होतं. मी सगळं सांगितलं, कुठं चुकले तेही.

"मेरा मूसा... उसकू लगा नई?"

"नाही खाला. ओरखडासुद्धा नाही. पण तो कोठडीत आहे."

त्यांनी हात वर केले, ओठ हलले. मग हात तसेच हवेत राहिले. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "वो दुसरा आदमी, बाळा... मैं आठ दिन से उसकू बद्दुआ दे रई बाई. रोज. नाम लेके."

त्या सुई गोधडीत खोचून उठल्या, हातपाय धुतले, आणि नमाजाची चटई पसरली. मला म्हणाल्या, "तुम बैठो. मैं पहले वो वापस लेती." मी बसून राहिले. बराच वेळ लागला.

चार दिवसांनी एजंटकडं तिकडचा निरोप आला. बाळाचा पाय मोडला होता, जिवाला धोका नव्हता. मात्र माफीच्या कागदावर तो अंगठा द्यायला तयार नव्हता. मूसाचा राग नव्हता त्याला. अरबी कागदाचीच भीती होती. कशावर अंगठा घेतील आणि काय लिहून देतील, म्हणून त्यानं मूठ मिटून घेतली होती आणि ती उघडत नव्हता.

मी दोघींनाही बोलावलं. गंगूबाईंच्या दिरानं त्यांना बजावून पाठवलं होतं, "त्या मूसाला आत सडू दे." हमीदाबी भिंतीशी टेकून बसल्या. त्यांनी काही मागितलं नाही. गंगूबाईंनी त्यांना निरखलं आणि सरळ विचारलं, "तुमचा पोरगा गाडी जपून चालवतो का?"

मला वाटलं, आई आहे, हो म्हणेल.

"नई मालूम बाई," हमीदाबी म्हणाल्या. "मैं उसकू चलाते देखीच नई. झूट कायकू बोलू?"

गंगूबाई खाली बघत होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या. त्या म्हणाल्या, "लिवा बाई. म्हनावं अंगठा दे. गंगू सांगती, कागद खरा हाय."

"तुमचीच चिठ्ठी आहे हे त्यांना कसं पटावं?"

"लिवा, त्यो निघाला त्या राती काळ्या शेळीला दोन पाठी झाल्या. एकीच्या कपाळावर चांद हाय. हे तिकडं त्याच्याबिगर कुनाला म्हाईत नाय."

तिथं मराठी वाचणारं कुणी भेटेल की नाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी मराठी चिठ्ठी लिहिली आणि तीच उर्दूत लिहिली. उर्दू वाचून दाखवणारा कुणीतरी भेटतोच, आणि कानावर पडली की बाळाला समजली असती. माफीचा अरबी मसुदा मी स्वतः लिहिला. प्रत्येक अक्षरावर पेश, जबर, सगळं घातलं, लहान मुलांच्या पुस्तकात घालतात तसं. एजंट हसला, म्हणाला, "बाई, तिकडचे कारकून काय म्हणतील?" मी म्हटलं, "म्हणू देत."

त्यानंतर महिनाभर मी नवीन काम घेतलं नाही. जुन्या कार्बन प्रती काढून बसले. कुठं घडी आहे, कुठं मीम, कुठं दोन नावं शेजारी शेजारी. एका कागदाबद्दल शंका आली. पत्त्यावर कार्ड टाकलं, ते परत आलं. ते कुटुंब घर सोडून गेलं होतं. त्या कागदाचं काय झालं, मला अजूनही माहीत नाही. लोक मला हुशार बाई म्हणायचे. तेव्हापासून तो शब्द ऐकला की मला ते कार्ड दिसतं.

उस्तादांना मी सगळं सांगत होते. अंगठा दिल्याची बातमी आली त्या दिवशी त्यांनी खुणेनं मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. पुढच्या थंडीत ते गेले. त्यांची अरबी छावणीत फक्त माझ्याकडं उरली, आणि माझ्यानंतर कुणाकडं नाही. शिकायला तीन-चार जण आले होते, पण मला त्यांच्यासारखं शिकवता आलं नाही.

मूसा सुटला, पण लगेच आला नाही. बाळाला काठीवर चालता येईपर्यंत तो तिथंच थांबला आणि दोघं एकाच विमानानं परतले. आल्यावर एका दुपारी चौघं माझ्या खोलीत आली. खुर्च्या दोनच. बाळा उंच, लाजाळू माणूस, उजवा पाय आखडलेला. त्याला बसवलं. मूसा त्याच्या मागं उभा राहिला. पंचविशीचा असेल. माझ्याकडं बघायला तयार नव्हता.

मी चहा टाकला आणि पडद्याआडून म्हणाले, "माझ्या एका चुकीनं तुम्हा दोघांच्या घरी फार त्रास झाला. कोणी कुणाला धडक दिली, तेच मी उलटं लिहिलं."

बाळानं घसा साफ केला. "बाई, तसं लई उलटं नव्हतं ते."

"म्हणजे?"

"एक कोकरू रस्त्याव गेलं. मी त्याच्यामागं पळालो. बगितलंच नाय. म्या सवता टँकरवर गेलो म्हना की. ह्याची काय चूक?"

"नई बाई," मूसा पहिल्यांदा बोलला. "मेरी नजर सडक पे नई थी. मैं पीछे पानी का नळ देख रहा था. सामने देखता तो रुकता."

"आरं, मी एकदम आलो ना."

"एकदम नई आया तू. मैं देखाच नई."

"तू गप. माझा पाय हाय, मला म्हाईत."

दोघांचे आवाज चढले. हमीदाबी एकाकडं बघत, मग दुसऱ्याकडं. पोलिसांना हे का नाही सांगितलंत, असं मी बाळाला विचारलं. तो म्हणाला, "कुनी इचारलंच नाय. नुसता अंगठा मागत व्हते." माझ्या हातात चहाची किटली होती. दुरुस्त केलेलं वाक्य व्याकरणानं अगदी बरोबर होतं, तरीही त्या दोघांना ते मान्य नव्हतं, आणि त्यांच्यापुढं माझं काही चालणार नव्हतं.

गंगूबाईंनी माझ्या हातून किटली घेतली आणि कपात चहा ओतला.

"आता बास झालं दोगांचं," त्या म्हणाल्या. "च्या प्या. बिडकीनची गाडी साडेचारला हाय, आन् ह्यांना चालायला येळ लागतो."

मूसानं उभ्या उभ्या चहा संपवला. मग कप खाली ठेवला, वाकला आणि बाळाच्या काखेखाली खांदा दिला. तो हे तिकडं रोज करत असणार, कारण बाळानं न बघताच हात त्याच्या मानेवर टाकला. दोघं पायऱ्या उतरले. मागून दोघी बायका, एकीच्या हातात काठी, दुसरीच्या हातात पिशवी. मी दारात उभी राहून ते वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले.